पिन तुटलीच नव्हती : पन्हाळ्याच्या चढावर सुटलेली डबल ट्रॉली

जानेवारीचा दुसरा आठवडा, ऊस हंगाम ऐन भरात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं माझं वर्कशॉप उघडून लेथला तेल घालत होतो, तोवर दारात मोटरसायकल थांबली. मागं बसलेल्या माणसानं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी बेंचवर आपटलं. उघडून बघतो तर ट्रॅक्टरच्या हूकची पिन.

“मिस्त्री, हिनं घात केला बघा. तेरा टन ऊस रस्त्याकडंला पडलाय. पिन तुटली.”

मी पिन फिरवून बघितली. डोकं जागेवर, टोक जागेवर, मधे कुठं तडा नाही. “मामा, तुटली म्हणताय, पण ही तर आख्खी आहे.”

“आख्खी असू दे, न्हाई तर फुटकी. ट्रॉली सुटली नव्हं?”

आमच्याकडं ट्रॉली सुटली की ‘पिन तुटली’ असंच म्हणायची रीत आहे. पोलिसांच्या पंचनाम्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडं हाच शब्द. त्यामुळं पुढची सगळी चौकशीही पिनच्या लोखंडाभोवतीच फिरते. मामांचं म्हणणं असं होतं की ही पिन दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गल्लीतल्या एका लेथवाल्यानं करून दिली होती, त्यानं हलकं मटेरियल घातलं, आणि ते मी लेखी द्यावं. लेखी देणार नाही, पण जागा बघून खरं काय ते सांगतो, असं म्हणून मी जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात टाकला आणि त्यांच्या मागं बसलो.

चढावर काय झालं

ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही एकाच आसाच्या, म्हणजे पुढचा भार हूकवर टेकणाऱ्या. चारचाकी फिरकीच्या ट्रॉलीत दांडी नुसती ओढते, वजन पेलत नाही. एका आसाच्या ट्रॉलीत ती ओढतेही आणि वजनही पेलते. हा फरक पुढं फार महत्त्वाचा ठरला. प्रत्येक ट्रॉलीत साडेसहा टनांच्या आसपास ऊस, ट्रॉलीचं स्वतःचं वजन दीड टन. म्हणजे हूकच्या मागं १६ टन.

ट्रॅक्टर मामांचा भाचा चालवत होता. टोळीनं रात्रीच फड संपवून गाडी भरली होती. पहाटे सहाला तो निघाला. गावाबाहेरच्या चढावर अर्ध्यात आल्यावर ट्रॅक्टर दमला, म्हणून त्यानं दुसऱ्यातून पहिला गिअर टाकला. क्लच सोडताना एक हिसका बसला. पुढच्या पंचवीस-तीस पावलांत ट्रॅक्टर एकदम हलका झाला. त्याच्या शब्दांत, “बैलाच्या मानंवरचं जू सरकावं तसं.” वळून बघितलं तर दोन्ही ट्रॉल्या मागं निघालेल्या.

ट्रॉलीला ब्रेक नव्हता. साखळीही नव्हती. एरवी चढावर एक पोरगा हातात दगड घेऊन मागून चालतो, चाकाखाली घालायला. त्या दिवशी थंडी होती म्हणून तो मडगार्डवर बसला होता. मागं जाताना जोडलेल्या दोन ट्रॉल्या सरळ राहत नाहीत, दुमडतात. मागची ट्रॉली वळली, चारीत गेली आणि बांधाला टेकून थांबली. पुढची तिच्यावर रेलली. माणसाला काही झालं नाही. दुधाची गाडी तिथून दोन मिनिटांनी गेली. त्या दोन मिनिटांवर मामा अजूनही देवाला नारळ देतात.

मी पोचलो तेव्हा दुसरा ट्रॅक्टर आणून मोळ्या हलवायचं काम चाललं होतं. पिन सापडली त्या जागेवर पोरानं चुन्याची खूण केली होती. खूण गिअर बदलला त्या जागेच्या दहा-बारा पावलं पुढं होती, आणि ट्रॅक्टर हलका झाला ती जागा तिच्याहून थोडी वर. म्हणजे आधी पिन पडली, मग ट्रॉलीच्या दांडीची कडी, जिच्यातून पिन जाते ती, हूकच्या दोन पट्ट्यांमधे अडकून काही पावलं ओढली गेली आणि नंतर निसटली. पिन तुटून ट्रॉली सुटली असती तर दोन्ही एकाच क्षणी झालं असतं. शिवाय निम्मी पिन कुठंतरी पडली असती. इथं पूर्ण पिन वरून बाहेर आली होती.

चार खुणा

पहिली खूण पिनच्या खालच्या टोकाला, क्लिप घालायच्या भोकात. सहा मिलिमीटरचं भोक, आत ग्रीस आणि पाचोळ्याची माती घट्ट बसलेली. क्लिप रोज आत-बाहेर होत असती तर भोक घासून चकाकलं असतं. म्हणजे कित्येक दिवस त्यात क्लिप गेलीच नव्हती. तिच्याऐवजी पिनच्या डोक्याला आणि हूकच्या दांड्याला बाइंडिंग तार गुंडाळली होती. ती तार सैल होऊन हूकला लोंबत होती.

दुसरी खूण पिनच्या अंगावर. कडी घासते तिथं चंद्रकोरीसारखा खड्डा, दीड मिलिमीटर खोल. हे नेहमीचंच. पण खड्ड्याच्या वर उभे ओरखडे होते. आडवे असते तर ओढीचे म्हटलं असतं. उभे ओरखडे म्हणजे कडी पिनवर वर-खाली नाचत होती.

तिसरी खूण पिन सपाट प्लेटवर लोळवल्यावर दिसली. तिला दोन मिलिमीटरचा बाक होता. चहाच्या कपाखाली कागद सरकावा तसा प्रकाश खालून दिसला.

चौथी खूण मला सगळ्यात जास्त बोलली, आणि ती पिनवर नव्हतीच. हूकला वर-खाली दोन पट्ट्या असतात आणि कडी मधल्या फटीत बसते. एका आसाच्या ट्रॉलीचं तोंड जड असतं, त्यामुळं कडी खालच्या पट्टीवर टेकून तिला घासते. खालची पट्टी चमकायला पाहिजे. इथं खालच्या पट्टीवर गंज होता आणि वरच्या पट्टीची खालची बाजू आरशासारखी चमकत होती. भाच्याला विचारलं तर म्हणाला, “डबल लावल्यापासून असंच हाय. एकच ट्रॉली लावली की खाली घासतंय.” त्यानं हे रोज बघितलं होतं. त्याचा अर्थ त्याला कुणी विचारला नव्हता.

पिनचं लोखंड पुरेसं होतं का

आधी लेथवाल्यावरचा आरोप बघू. ३० मिलिमीटरची साधी एमएसची, म्हणजे मऊ पोलादाची, पिन दोन्ही पट्ट्यांत धरलेली असेल तर तिला कापायला दोन ठिकाणी कापावं लागतं. दोन काप मिळून क्षेत्र सुमारे १,४०० चौरस मिलिमीटर. साध्या एमएसच्या हिशेबानं असा काप सरकायला लागायलाच वीसेक टनांची ओढ लागते. आणि चढावर प्रत्यक्षात ओढ किती होती? शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरला तर १६ टनांचा घसरता भाग एक टनाच्या आत. त्यात चाकांच्या रोधाचे चारपाचशे किलो धरा. दीड टनाच्या आत सगळं संपलं. हिसक्यानं ते तिप्पट झालं तरी साडेचार टन. वीस कुठं, साडेचार कुठं.

म्हणजे पिन कापली जाणं शक्यच नव्हतं. वाकणं मात्र शक्य होतं. पट्ट्यांमधली फट होती ७५ मिलिमीटर, कडी फक्त ३० मिलिमीटर जाड. एवढ्या मोकळ्या फटीत पिन दोन खांबांवर टाकलेल्या बारसारखी वागते आणि कडी तिला मधोमध ओढते. सरळ ओढीला ती टिकते, पण तिप्पट हिसक्याला एमएसची सहनशक्ती ओलांडली जाते. दोन महिन्यांत रोजचे असे चार-दोन हिसके, आणि तो दोन मिलिमीटरचा बाक आला.

बाक आल्यावर पुढची साखळी सुरू झाली. वाकलेली पिन भोकांत पूर्ण खाली बसेना, चार-पाच मिलिमीटर वरच अडकायची. आणि लेथवाल्यानं क्लिपचं भोक खालच्या पट्टीच्या अगदी लगत पाडलं होतं, पिन पूर्ण बसली तरी पट्टीखाली तीनच मिलिमीटर मोकळं. पिन पाच मिलिमीटर वर राहिली की भोक पट्टीत झाकलं जायचं. क्लिप जाईना. पहाटे सहाला, फडात, हातात टॉर्च धरून कुणी पिन बदलायला उद्यमनगरात येत नाही. भाच्यानं तार गुंडाळली. मी त्याला दोष देत नाही. पण तार ही क्लिप नव्हे. क्लिप पिनला खालून अडवते. तार वरून धरते, म्हणजे पिन ज्या दिशेनं जाणार त्या दिशेला ती सैलच पडते.

आता प्रश्न उरला एकच. पिनला वर ढकललं कुणी?

काट्यावर

मागच्या ट्रॉलीचं तोंड पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर टेकतं. पुढच्या ट्रॉलीचा आस मधे, त्यामुळं ती ट्रॉली तराजूच्या दांडीसारखी होते. शेपटीवर वजन पडलं की तोंड उचलतं. गावच्या पोरांना हे सी-सॉवर बसून कळतं. ट्रॉलीवर बसल्यावर विसरतं.

मामांचा विश्वास बसेना. मग आठ दिवसांनी, ट्रॉल्या सरळ करून तशाच पद्धतीनं भरल्यावर, आम्ही तिन्ही वजनं काट्यावर घेतली. काटेवाला वैतागला आणि तीन वजनांचे पैसे घेतले, पण ते पैसे सगळ्या हंगामात सर्वांत सत्कारणी लागलेले असावेत.

आधी दोन्ही ट्रॉल्या जोडलेल्या ठेवून फक्त ट्रॅक्टर काट्यावर उभा केला : २,२०० किलो. मग मागची ट्रॉली टेकूवर सोडली आणि पुढची एकच जोडलेली ठेवली : २,८०० किलो. शेवटी नुसता ट्रॅक्टर : २,३०० किलो.

मामा ते आकडे बराच वेळ बघत उभे राहिले. एक ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरवर पाचशे किलो येतात. दुसरी जोडली की ते पाचशे जातातच, वर ट्रॅक्टरचे स्वतःचे शंभर कमी होतात. सोळा टन मागं लावल्यावर ट्रॅक्टर हलका झाला होता! मागच्या ट्रॉलीचं तोंड साधारण टनभर जड होतं. पुढच्या ट्रॉलीच्या आसापासून शेपटीचा हूक १.८ मीटर, कडी ३ मीटर. टनभराला १.८ नं गुणून ३ नं भागलं की सहाशे किलोची उचल. २,८०० मधून सहाशे वजा जाऊन २,२००. हिशेब किलोला किलो जुळला, हे थोडं नशीबच, काटा १० किलोच्या टप्प्यात दाखवतो.

हे सपाट जागेवरचं. चढावर ऊसाचा उंच ढीग मागं झुकतो. मागच्या ट्रॉलीचं तोंडही त्यामुळं थोडं हलकं होतं, पण पुढच्या ट्रॉलीचा स्वतःचा झुकाव त्याहून भारी पडतो आणि कडीची उचल आणखी वाढते. त्यात खड्डा आला की कडी वरच्या पट्टीवर आपटते आणि खाली येते, पुन्हा आपटते. प्रत्येक वेळी पिनला घासून केसभर वर नेते. पिनला खाली जायला बाकामुळं अडचण, वर जायला मोकळं रान. चढाच्या मधल्या हिसक्यानं उरलेलं काम केलं.

मागची ट्रॉली एवढी तोंडजड का? टोळीनं मोळ्या पुढं दाबून भरल्या होत्या. का, तर फडातून रस्त्यावर चढताना शेपटी जमिनीला घासू नये म्हणून ड्रायव्हरच म्हणतो, “पुढं दाबून भरा.” एका ट्रॉलीसाठी हा सल्ला बरोबर आहे. तोंड हलकं राहिलं तर ट्रॉली डुलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं फिरत राहतात. डबलमधे मागच्या ट्रॉलीला तोच सल्ला उलटतो. इतक्या वर्षांत हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. खरं सांगायचं तर मीही कधी विचारला नव्हता.

मिरजेच्या यार्डातलं कुलूप

माझे मेव्हणे मिरजेला रेल्वेत आहेत. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “दाजी, आमच्याकडं हा रोग जुना आहे.”

कोल्हापूर संस्थानानं बांधलेली मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. त्या काळात अमेरिकेत डबे जोडायला नेमकी आपल्या ट्रॉलीसारखी पद्धत होती : एक कडी, एक पिन, आणि दोन डब्यांच्या मधे उभं राहून ती पिन टाकणारा माणूस. त्यात असंख्य कामगारांची बोटं आणि जीव गेले. एलाय जॅनीनं १८७३ मध्ये मिटलेल्या मुठींसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या कपलरचं पेटंट घेतलं, आणि १८९३ च्या कायद्यानं अमेरिकेत असे आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. आपल्या मालगाड्यांना आज दिसणारा मधला कपलर त्याच घराण्यातला.

त्या कपलरची मूठ आतल्या एका कुलपामुळं बंद राहते, आणि ते कुलूप स्वतःच्या वजनानं खाली पडून बसतं. मेव्हणे म्हणाले, “वजनानं पडलेली गोष्ट धक्क्यांनी वर सरकते. म्हणून कुलपाच्या आत एक आडवी टाच असते. कुलूप हादऱ्यानं वर निघालं तर ती टाच अडते. माणसानं मुद्दाम दांडी फिरवली तरच सुटतं.” शिवाय कुलूप पूर्ण खाली बसलं आहे की नाही हे बाहेरून बघता यावं म्हणून कपलरला खालून एक भोक असतं. बसलं नसेल तर भोकातून कळतं.

मला त्या टाचेचं कौतुक वाटलं. आपल्या पिनची क्लिप म्हणजे तीच टाच. आणि क्लिप जाते की नाही हेच आपलं बघायचं भोक. क्लिप जात नसेल तर पिन बसलेली नाही, एवढा सरळ निरोप आहे. आपण तो निरोप तारेनं बांधून गप्प करतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. गाडी दोन तुकड्यांत तुटली तर ब्रेकची नळीही तुटते, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतो. आपल्या ट्रॉलीला ते आज उद्या येणार नाही. साखळी मात्र आज येऊ शकते.

काय केलं

नवी पिन ईएन-८ ची, म्हणजे एमएसपेक्षा कणखर पोलादाची केली. जाडी तीच ३० ठेवली, कारण पट्ट्यांची भोकं तेवढीच होती. लांबी मात्र पंधरा मिलिमीटरनं वाढवली आणि क्लिपचं भोक पट्टीपासून बारा मिलिमीटर खाली घेतलं. हूकच्या दोन्ही पट्ट्यांना आतून जाड वॉशर वेल्ड केले, फट ७५ वरून ४० वर आली आणि पिनवरचा वाक जवळजवळ निम्मा झाला. पिनवर वेल्डिंग करायचं नाही हे मामांना दोनदा बजावलं. भंगारातल्या एक्सलच्या तुकड्याची पिन करून तिला वर हँडल वेल्ड करायची आपल्याकडं भारी हौस. तापलेलं कडक लोखंड तिथंच ठिसूळ होतं, आणि मग मात्र पिन खरोखर तुटते.

मामांनी मधेच विचारलं, हूक सोडून सरळ लिफ्टच्या बारला ट्रॉली लावली तर? नाही. ती तीन टेकूंची रचना हॅरी फर्ग्युसननं नांगरासारख्या अवजारासाठी काढली, १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरपासून ती जगभर पसरली. अवजारासाठी ती सोन्यासारखी. पण जड ट्रॉली मागच्या आसाच्या उंचीवरून ओढली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चढावर पालथा पडू शकतो. विषय तिथंच संपवला.

ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, आणि दोन ट्रॉल्यांच्या मधे, अशा दोन जागी साखळी आडवी फुली करून घातली. फुली यासाठी की दांडी सुटली तर ती साखळीच्या झोळीत पडावी, रस्त्यात रुतू नये. आणि मुकादमाला मागच्या ट्रॉलीच्या फळीवर आसाच्या रेषेत पिवळा पट्टा मारून दिला. ढिगाचा माथा पट्ट्याच्या थोडाच पुढं, त्यापलीकडं नाही.

लेथवाल्याला मी मामांसमोरच सांगितलं की मटेरियल चांगलं होतं, पण भोक चुकीच्या जागी होतं. त्यानं वाद घातला नाही. नव्या पिनचे पैसे त्यानं दिले, बांधाचं नुकसान मामांनी भरलं. वाळलेल्या ऊसाची घट कुणी भरली यावर अजून कुजबुज आहे, त्यात मी पडलो नाही.

मे महिन्यात ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला आला तेव्हा मी आधी हूकखाली वाकून बघितलं. क्लिप जागेवर होती, भोक घासून चकचकीत. पिन सरळ. पण वरच्या वॉशरची खालची बाजू पुन्हा चमकायला लागली होती.

“मागची ट्रॉली पट्ट्यापर्यंतच भरताय ना?” मी भाच्याला विचारलं.

“भरतोय की,” तो म्हणाला. “दिवसा भरली तर.”